सिमेंट हें धान्य नव्हे

शेतकऱ्याच्या घरीं सांठा असणें हें आपल्याकडे शहाणपणाचें लक्षण मानिलें जातें, आणि तें योग्यच आहे. पुढील पीक हातीं येईपर्यंत पुरेल इतकें धान्य, वैरणीची गंज, राखून ठेविलेलें बियाणें, भाव येईपर्यंत चाळींत थोपवून धरलेला कांदा, या सर्वांवर आपला संसार उभा असतो. ज्याच्या घरांत चार पोतीं शिल्लक तो दूरदर्शी, आणि ज्याला ऐन वेळीं बाजार गांठावा लागतो तो गैरसावध, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. हीच चांगली संवय आपण एका अशा वस्तूच्या बाबतींत चालवितों कीं, जेथें ती घातक ठरते. ती वस्तु म्हणजे सिमेंट.

विषय वरवर पाहतां लहान वाटेल. परंतु नाशिक जिल्ह्यांत आज असा बागाइतदार विरळा कीं, ज्याच्या शेतावर सिमेंटचें काम नाहीं. विहिरीचें कडें, ठिबकासाठीं पाण्याचा हौद, कांद्याच्या चाळीचा पाया, गोठ्याची फरशी, बेदाण्याची शेड आणि शेवटीं राहतें घर, या सर्व कामांत शेतकरी एका हंगामाची नव्हे तर कित्येक हंगामांची कमाई घालतो. तो वाळू निरखून घेतो, खडी मोजून घेतो, गवंड्याच्या मजुरीविषयीं घासाघीस करितो. परंतु आपलें सिमेंट कोणत्या आठवड्यांत तयार झालें आणि मधल्या काळांत तें कोठें व कसें पडून होतें, हें विचारणारा शेतकरी क्वचितच भेटतो.

मी स्वतः असाच एक होतों, म्हणून आधीं माझीच गोष्ट सांगतों. निफाड तालुक्यांतील आमच्या मळ्यांत घराचें काम चाललें असतां पाऊस आला व काम थांबलें. त्या वेळीं २६ पोतीं सिमेंट उरलें. तें पडवीलगतच्या खोलींत, औजारांच्या व खतांच्या शेजारीं, भिंतीला टेकवून रचलें. पावसाळ्यांत खोली गळली नाहीं, पोत्यांवर पाण्याचा एक थेंब पडला नाहीं, म्हणून माल सुरक्षित आहे असें मीं मानिलें. दिवाळीनंतर ठिबकासाठीं हौद बांधण्याचें ठरलें. घरांत सिमेंट असतां विकत कां आणावें, या विचारानें तींच पोतीं वापरलीं. तळच्या पोत्यांतून गुठळ्या निघाल्या. त्या मजुरांनीं फोडल्या आणि मालांत मिसळून टाकल्या. त्याच पंधरवड्यांत शेजारच्या मळ्यांत त्याच गवंड्यानें, त्याच खाणीची खडी व त्याच ठिकाणची वाळू घेऊन, त्याच मापाचा हौद बांधला. फरक एवढाच कीं, शेजाऱ्यांनीं सिमेंट त्याच आठवड्यांत आणलें होतें.

तिसऱ्या उन्हाळ्यांत माझ्या हौदाची भिंत झिरपूं लागली. गिलावा करून ती बुजविली. पुढील फाल्गुनांत हौद भरलेला असतां एका रात्रीं ती भिंत कोपऱ्यापासून फुटली व बाहेर कोसळली. सकाळीं तिचे तुकडे हातांत घेतले तों कडा बोटांनीं चुरडूं लागल्या. शेजाऱ्यांचा हौद आजहि उभा आहे. गेलेल्या पाण्याचें व पैशाचें दुःख फार दिवस राहिलें नाहीं. परंतु द्राक्षांच्या तोडणीसाठीं पेठ-सुरगाण्याकडून येणारीं मजूर कुटुंबें दुपारीं त्याच भिंतीच्या सावलीला भाकरी खात आणि त्यांचीं मुलें तेथेंच खेळत. भिंत रात्रीं पडली, दुपारीं पडली नाहीं, हें माझें नशीब; त्यांत माझें शहाणपण कांहीं नव्हतें. माझ्या हौदांत दुसरा कोणताच दोष नव्हता असा माझा दावा नाहीं. पण दोन हौदांत जो एक फरक मला ठाऊक होता, तो सिमेंटच्या वयाचा होता. तेव्हांपासून या विषयाचा जो शोध घेतला, तो वाचकांपुढें ठेवितों.

चुनखडी व चिकणमाती यांचें मिश्रण भट्टींत सुमारें १,४५० अंश उष्णतेवर भाजतात आणि तयार झालेले खडे थोड्या जिप्समसह दळतात; तें पीठ म्हणजे सिमेंट. पाणी मिळालें कीं त्याच्या कणांची पाण्याशीं रासायनिक क्रिया होते व दगडासारखें घट्ट द्रव्य बनतें, हा त्याचा मुख्य गुण होय. परंतु ही क्रिया एकदांच होते. ती नको त्या वेळीं होऊन गेली तर गेलेला गुण परत येत नाहीं. आणि तिला बादलीभर पाणी लागतें असें नाहीं. हवेंतील ओल पुरते. पावसाळी हवेंतील बाष्प पोत्याच्या विणींतून आंत शिरतें, कणाकणाच्या पृष्ठभागावर थोडी थोडी क्रिया घडते, हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायूहि तींत आपली भर घालतो, आणि प्रत्येक कणाभोंवतीं निरुपयोगी द्रव्याचें एक पातळ कवच तयार होतें. पुढें गवंडी पाणी घालतो तेव्हां हें कवच आंतील चांगल्या भागाशीं पाण्याची गांठ लवकर पडूं देत नाहीं. त्यामुळें सिमेंट उशिरां आवळतें आणि अखेरपर्यंत पूर्ण बळास पोंचत नाहीं. पीठ जितकें बारीक तितका त्याचा हवेला लागणारा पृष्ठभाग अधिक. हल्लींचें सिमेंट पूर्वीच्यापेक्षां बारीक दळलेलें असतें, म्हणून त्याला ओलहि अधिक लवकर बाधते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. सिमेंटचा खरा वैरी ओल होय. काळ हा केवळ त्या वैऱ्याला संधि देतो. हवाबंद डब्यांत कोरडें ठेविलेलें सिमेंट दीर्घकाळ टिकतें. पण पूर्वीचें तागाचें पोतें काय किंवा आजचें प्लास्टिकच्या धाग्यांचें पोतें काय, वीण आली तेथें हवा आली. माझ्या खोलींत थेंब पडला नाहीं हें खरें. परंतु चार महिने तेथील हवा ओली होती, भिंत ओली होती आणि जमीनहि ओली होती.

हें नुकसान किती होतें? शिकागो येथील लुईस इन्स्टिट्यूटमध्यें डफ एब्रॅम्स या संशोधकानें सिमेंटच्या सांठवणीवर प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १९२० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. बांधकामशास्त्राच्या पुस्तकांतून साध्या गोदामांतील सिमेंटविषयीं आज जे अंदाज दिलेले असतात ते असे: ३ महिन्यांनीं बळ सुमारें २० टक्के घटतें, ६ महिन्यांनीं सुमारें ३० टक्के, एका वर्षानें सुमारें ४० टक्के, आणि दोन वर्षांनीं तें निम्म्यावर येतें. जागेप्रमाणें हे आंकडे बदलतील. सिन्नर-येवल्याच्या कोरड्या हवेंत घट कमी होईल, इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसांत अधिक होईल. परंतु दिशा एकच राहील. सहा महिने पडून राहिलेलीं १० पोतीं कामांत घालणें म्हणजे, हिशेब अगदीं तंतोतंत नसला तरी, ताज्या सिमेंटचीं ७ पोतीं घालून १० घातल्याचें समाधान मानणें होय. पोत्यावर ४३ ग्रेड असें छापलेलें असतें, त्याचा अर्थ प्रमाणित चाचणींत २८ दिवसांनीं दर चौरस मिलिमीटरला किमान ४३ न्यूटन दाब सोसण्याची शक्ति. तें आश्वासन कारखान्यांतून निघालेल्या मालाचें आहे, आपल्या पडवींत पावसाळा काढलेल्या मालाचें नाहीं.

मग ही सांठवणीची संवय आपल्यांत आली कोठून? मला तिचीं दोन मुळें दिसतात. पहिलें मूळ चुन्याचें. गोदाकांठचे घाट व नाशिकचे जुने वाडे ज्या काळांत उभे राहिले, त्या काळीं बांधकाम चुन्याचें असे. विरविलेला चुना पाण्याखालीं मुरत ठेवीत, आणि तो जितका मुरे तितका लोण्यासारखा मऊ होऊन कामाला उत्तम ठरे. बांधकामाचें साहित्य घरांत मुरूं द्यावें, ही समजूत तेथून आलेली असावी. चुना मुरला कीं सुधारतो. सिमेंट मुरलें कीं संपतें.

दुसरें मूळ टंचाईचें. ज्यांनीं १९८२ पूर्वीं घर बांधलें त्यांना सिमेंटचा परवाना म्हणजे काय हें सांगावयास नको. सरकारी वाटपांतून चार पोतीं मिळविण्यासाठीं अर्ज, खेपा आणि ओळखी लागत. त्याच वाटपाच्या वादावरून १९८२ च्या जानेवारींत मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांस पद सोडावें लागलें, इतका तो प्रश्न त्या काळीं पेटला होता. अशा दिवसांत हातीं आलेलें पोतें कोणी परत देत नसे. तें घरांत दडवून ठेवणें हेंच व्यवहाराचें होतें. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीअखेर नियंत्रण अंशतः उठलें आणि १९८९ च्या मार्चपासून पूर्ण उठलें. आज कोणत्याहि तालुक्याच्या गांवीं हवें तेव्हां सिमेंट मिळतें. टंचाई गेली, पण तिनें लावलेली संवय आपल्या घरांत अजून नांदते आहे.

या संवयीला आपल्या हंगामाची जोड मिळते. द्राक्षाचा पैसा माघ-फाल्गुनाच्या सुमारास हातीं येतो, उन्हाळ कांद्याचा त्यानंतर. पैसा हातीं असतांना, आणि एकदम माल घेतल्यास दुकानदार पोत्यामागें कांहीं सूट देतो म्हणून, शेतकरी गाडीभर सिमेंट आणून टाकतो. काम सुरू होतें, मृगाचा पाऊस येतो, काम थांबतें, आणि उरलेलीं पोतीं खोलींत चातुर्मासाला बसतात. दिवाळीनंतर तीं उठतात व थेट स्लॅबमध्यें जातात. प्रत्येक पोत्यावर उत्पादनाचा आठवडा व वर्ष छापलेलें असतें. २० वा आठवडा म्हणजे मे महिन्याचा मध्य आणि ४५ वा म्हणजे नोव्हेंबरचा आरंभ. या दोन आंकड्यांतील अंतर २५ आठवड्यांचें, म्हणजे जवळजवळ सहा महिन्यांचें आहे. आणि तेंहि वर्षांतील सर्वांत ओल्या सहा महिन्यांचें.

येथें कोणी म्हणेल कीं, सांठवण नीट केली तर काय बिघडतें? नीट सांठवण म्हणजे काय, हें भारतीय मानक ४०८२ मध्यें सांगितलेलें आहे. पोतीं जमिनीवर न ठेवतां फळ्यांवर, जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंच रचावीं; बाहेरील भिंतीपासून मोकळी जागा सोडावी; थप्पी १० पोत्यांहून उंच करूं नये, नाहींतर वरच्या भारानें तळचा माल आवळतो; आणि पावसाळ्यांत सारी थप्पी प्लास्टिकच्या कापडांत वरून-खालून झांकून घ्यावी. यांतील एक नियम आपल्या हाताला विशेष उलटा वाटेल. पोतीं एकमेकांस अगदीं चिकटवून रचावीं, मधून हवा खेळूं देऊं नये, असा तो नियम आहे. कांद्याच्या चाळींत आपण नेमकें याच्या विरुद्ध करितों. तळ उंच ठेवून चारहि बाजूंनीं वारा खेळवितों. कांद्याला वारा तारतो, सिमेंटला वारा मारतो. ज्यानें चाळ बांधली त्याच्याच संवयीच्या हातानें सिमेंट रचलें गेलें, तर तें मोकळें, हवेशीर आणि अर्थात् चुकीचें रचलें जातें.

आणखी दोन सूचना शेतकऱ्याच्या घरापुरत्या. अर्धें उरलेलें सिमेंट गुळाच्या, साखरेच्या किंवा खताच्या रिकाम्या पोत्यांत भरूं नये. साखरेचा अगदीं थोडा अंश मिसळला तरी सिमेंट आवळण्यास फार उशीर लागतो, आणि खतांतील क्षारहि त्याला हितकर नाहींत. तसेंच पोतीं उतरवितांना हमालास आंकडा लावूं देऊं नये. भोंक पडलेलें पोतें म्हणजे ओलीला उघडलेलें दार.

तथापि हे सर्व नियम पाळण्याजोगी खोली किती शेतकऱ्यांच्या घरीं आहे? नियम चांगले आहेत, पण ते गोदामाचे आहेत, पडवीचे नाहींत. म्हणून माझें मत असें कीं, शेतकऱ्यानें सिमेंट नीट कसें सांठवावें हा प्रश्नच गौण आहे. त्यानें तें सांठवूंच नये. आठवड्याचें काम पाहून आठवड्याचा माल आणावा, उरला तर पुढील आठवड्यांत संपवावा, आणि मृगापूर्वीं एकहि पोतें घरांत राहणार नाहीं असा हिशेब ठेवावा.

यावर येणाऱ्या आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा कीं, बांधकाम बिघडतें तें गवंड्यानें पाणी अधिक घातल्यानें आणि घरधन्यानें पुढें पुरेसे दिवस पाणी न मारल्यानें. सिमेंटला बोल लावूं नये. हीं दोन्ही कारणें खरीं आहेत व त्यांनीं होणारें नुकसानहि मोठें आहे. परंतु एका दोषानें दुसरा दोष माफ होत नाहीं. दोन्ही एकत्र आले तर काम दुप्पट कच्चें होतें. शिवाय पाण्याचा दोष गवंड्याच्या हातांत आहे, शिळ्या सिमेंटचा दोष गवंडी येण्यापूर्वींच घडून गेलेला असतो, आणि तो सर्वस्वी आपल्या हातचा आहे.

दुसरा आक्षेप: सिमेंट जुनें असेल तर एखादें पोतें अधिक घालावें, म्हणजे भरपाई होईल. ही समजूत फार पसरलेली आहे व फार धोक्याची आहे. बळ किती गेलें हें ठाऊक नसतां भरपाई किती करावी हें कसें ठरणार? अधिक सिमेंटाबरोबर पाणीहि अधिक जातें आणि भेगा वाढतात. ज्याच्या बळाचा भरंवसा नाहीं असें सिमेंट स्लॅब, खांब, तुळई, हौद व विहिरीचें कडें यांत घालूंच नये. ३ महिन्यांहून जुनें सिमेंट पुन्हां तपासल्यावांचून वापरूं नये, हा बांधकामांतील रूढ नियम आहे. तपासणी प्रयोगशाळेंत होते. एक भाग सिमेंट व तीन भाग प्रमाणित वाळू यांचे सुमारें ७ सेंटिमीटर बाजूचे ठोकळे करून ते ठराविक दिवसांनीं दाबून पाहतात. घरच्या घरीं एवढें पाहतां येईल कीं, पोत्यांत हात घातला असतां पीठ गार व मऊ लागतें कीं नाहीं, आणि गुठळी बोटांनीं दाबतांच विरते कीं नाहीं. नुसत्या भारानें झालेली गुठळी बोटांत विरते; ओलीनें झालेली विरत नाहीं, ती दगड होऊं लागलेली असते. अशा गुठळ्या फोडून मिसळणें, जें मीं केलें, तें कदापि करूं नये. पण गुठळी नाहीं म्हणून सिमेंट ताजें, असाहि अर्थ कोणी काढूं नये. बळ पुष्कळसें जाऊनहि पीठ मऊच दिसूं शकतें. असें सिमेंट चाळून घेऊन, जेथें भार नाहीं व जीवाला धोका नाहीं अशा किरकोळ कामांत संपवावें.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. तालुक्याच्या गांवापासून दूर राहणाऱ्यास दर आठवड्यास दहा-पंधरा पोत्यांसाठीं वाहन करणें परवडत नाहीं, आणि एकदम माल घेतल्याची सूटहि बुडते. हें खरें आहे. परंतु १,००० चौरस फूट व ५ इंच जाडीचा स्लॅब घेतला, तर १ : १॥ : ३ या प्रमाणानें त्यास सुमारें ९० ते ९५ पोतीं लागतात. त्या पोत्यांवरील सुटीची रक्कम एका पारड्यांत टाकावी, आणि त्या स्लॅबांतील लोखंड, खडी, वाळू, मजुरी व त्याखालीं निजणारीं माणसें दुसऱ्या पारड्यांत. पारडें कोठें झुकतें तें सांगावयास नको. तरीहि गरीब व दूरच्या सभासदाची अडचण उरतेच, आणि ती एकट्यानें सुटणारी नाहीं.

येथेंच आपल्या संघाचें काम सुरू होतें. खतें व बियाणीं यांची एकत्र खरेदी आपण करितों. तीच रीति सिमेंटला लावावी. सभासदांनीं आपलें पुढील पंधरवड्याचें काम आधीं कळवावें, संघानें एकत्र मागणी करावी, म्हणजे सूटहि मिळेल व वाहनहि भरेल. गोदामांत सिमेंटसाठीं खतांपासून वेगळी, फळ्या घातलेली कोरडी खोली असावी, आणि जें पोतें आधीं आलें तें आधीं जावें. माल उतरवून घेतांना पोत्यावरील आठवडा वहींत लिहावा, व सहा आठवड्यांहून जुना माल घेऊं नये. मृगापूर्वीं कोणा सभासदाकडे पोतीं उरलीं, तर ज्याचें काम चालू आहे अशा दुसऱ्या सभासदास तीं मिळवून द्यावींत. आणि दिवाळीनंतर ज्यांच्याकडे पावसाळा काढलेला माल असेल, त्यांचे नमुने गोळा करून एकत्र तपासणीस पाठवावे. एकट्याला जड जाणारा खर्च दहांत वांटला कीं हलका होतो. यासाठीं नवें भांडवल फारसें लागत नाहीं. एक वही, एक कोरडी खोली आणि थोडी शिस्त लागते.

धान्य सांठविणारा शेतकरी उद्यांची काळजी करितो म्हणून त्याचें कौतुक होतें. सिमेंटच्या बाबतींत उद्यांची काळजी म्हणजे पोतें रिकामें करणें. या दिवाळीनंतर जे कोणी काम काढणार असतील, त्यांनीं गवंड्यास बोलावण्यापूर्वीं कंदील घेऊन आपल्या खोलींत जावें आणि पोत्यावरील आठवड्याचा आंकडा वाचावा. मीं तो वाचला नव्हता.